निम्म्या मिठाची टाकी

मी एक म्हातारा वाम मासा आहे. अंगाने लांब, नजरेने अधू आणि स्वभावाने तिरसट. मित्रांनो, मला सहसा कोणी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तक्रार नको.

माझे बालपण खाडीच्या मुखाशी गेले. तिथे गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळते. मग जाळ्यात सापडलो आणि चष्मे बनवून विकणाऱ्या एका माणसाच्या घरी काचेच्या टाकीत येऊन पडलो. त्याच्या मुलीने माझी बडदास्त ठेवली. पाण्यात मीठ किती, हे ती एका काचेच्या नळीने मोजायची. कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून माझ्या नाकाशी आणायची. सोबतीला तिने बशीएवढे रुंद दोन मासे आणले होते, तेही निमखाऱ्या पाण्यातलेच. ते माझ्या तोंडात मावत नसत, म्हणून आमचे जमायचे. आई गेल्यापासून मुलगी तासन् तास माझ्याशी बोलत बसे. मला त्यातले फारसे कळत नसे, पण ती उठून गेली की करमत नसे.

पुढे चष्मेवाल्याने दुसरे लग्न केले. नवी बायको येताना स्वतःची टाकी घेऊन आली. त्या टाकीत बोटाच्या पेराएवढे बारा चमचमते मासे होते, सगळे गोड्या पाण्यातले.

"एका घरात दोन टाक्या कशाला? सगळे एकत्र राहतील," चष्मेवाला म्हणाला. बारा जण माझ्या टाकीत आले. कोणाचे मन मोडायला नको म्हणून त्याने पाण्यातले मीठही निम्मे केले. स्वतःला मोठा शहाणा समजत होता.

पहिल्याच संध्याकाळी मी चार मासे गिळले. मला त्याची लाज वाटत नाही. घास स्वतःहून तोंडासमोर आला, तर मी काय हात जोडायचे?

नव्या बायकोने मुलीशी बोलणे टाकले. गोड्या पाण्यातले उरलेले मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. माझ्या अंगावर पांढरे चट्टे उठले आणि खाण्यावरची वासना उडाली. मी न गिळताही मासे एकेक करून मरू लागले, तरी खापर माझ्याच डोक्यावर फुटले.

"अहो, हा साप उद्याच्या उद्या घराबाहेर गेला पाहिजे," नवी बायको म्हणाली.

मुलगी टाकीला पाठ लावून उभी राहिली. "बाबा, गिऱ्हाइकाचा एक डोळा दोन नंबरचा आणि दुसरा चारचा असला, तर तुम्ही दोन्हीकडे तीनची काच बसवता का? मावशीचे मासेसुद्धा मिठानंच मरतायत."

नवी बायको टाकीजवळ वाकून आपले मासे मोजू लागली. आता पाचच उरले होते.

"बरोबर बोलतेय ती," ती म्हणाली. "माझी टाकी परत मांडा."

त्याच दिवशी दोन टाक्या दोन भिंतींशी गेल्या. माझ्या पाण्यातले मीठ हळूहळू वाढले आणि चट्टे गेले. नव्या बायकोने मला माफ केलेले नाही. मीही तिला केलेले नाही. पण मुलगी शाळेच्या सहलीला गेली, तेव्हा मला खायला तिनेच घातले. नाक मुरडून, पण वेळेवर.

मित्रांनो, माझ्या शेजारी कोणाला आणायचे असेल, तर आधी त्याला कुठले पाणी लागते ते विचारा आणि तो माझ्या तोंडात मावतो का ते बघा. न बघता आणून सोडलात, तर मी त्याला खाईन. आणि त्याला मारणारे तुम्ही असाल.