खिडक्या पाडा

वांबोरी स्टेशनात गाडी शिरली, ती नेहमीची वाटेना. मनमाडहून पुण्याकडे जाणारी गाडी सहादेवाने आजवर कैकदा पाहिली होती. हे डबे तिचे नव्हते. ठेंगणे, जुनाट, दोन्ही अंगांना दारं आणि आत नुसती फळकुटाची बाकडी. हमालाला विचारले तर तो म्हणाला, चांगले डबे लढाईच्या कामाला गेले. हे जवळच्या जवळ फेऱ्या मारणारे शटलचे डबे आता पार पुण्यापर्यंत पळवतात. "बसा मुकाट्यानं. हे तरी हायेत." सहादेवाने आधी आईला चढवले, मग वळकटी, मग पाण्याची कळशी. तासाभराच्या फेरीला संडास कशाला, म्हणून या डब्यांना तो कधी लावलेलाच नव्हता. ते काही सहादेवाच्या ध्यानात आले नाही.

ध्यानात यावे कसे? पुरुषाला काय, गाडी थांबली आणि भिंत दिसली की झाले.

त्याची आई बनुबाई, सोनईची, पंचावन्नच्या घरातली. चैत्रापासून तिच्या कुशीत कळा येत होत्या, ताप चढत होता. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले होते की मुतखडा अडकलाय, एक मूत्रपिंड गेल्यातच जमा आहे, दुसऱ्यावर जीव चाललाय. मिरजेला नेऊन फाडावे लागेल. आणि निघताना सहादेवाला पुन्हा हाक मारून बजावले होते, "वाटेत पाणी पाजत राहा. दर अर्ध्या तासाला एक पेला. पाणी तुटलं तर मिरजेला पोचून काही उपयोग नाही, समजलं?"

सहादेवाला चांगलेच समजले होते. तो जात्याच घोर लावून घेणारा माणूस. आभाळ भरले तर वैरण भिजेल म्हणून बसायचा, नाही भरले तर पेरणी हुकेल म्हणून. आता तर खराच घोर होता. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते, म्हणून त्याने तारेचे खांब मोजायचे ठरवले. चाळीस खांब झाले की एक पेला, आणि गाडी उभी राहिली की एक. खांब मोजता मोजता शेजारचा कुणी बोलायला लागला की तो चिडायचा.

बनुबाई पेला घ्यायची. समोरच्या बाकड्यावर कारभारी नावाचे पागोटेवाले म्हातारे बसले होते, बाकीही सगळे परके पुरुष. चार माणसांत तोंड वर करून पाणी पिणारी बाई ती नव्हे. ती खिडकीकडे वळायची, पदर तोंडावरून ओढायची आणि थोड्या वेळाने रिकामा पेला परत करायची. सहादेवाला बरे वाटायचे. आई बिचारी ऐकते, एक घोटही ठेवत नाही, असे त्याने कारभाऱ्यांना कौतुकाने सांगितलेसुद्धा.

नगर आले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. फलाट सोल्जरांनी फुलून गेला होता. सगळीकडे खाकी कपडे, पेट्या आणि ओरडा. बनुबाई मुलाच्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "सहादू, जरा पाय मोकळे करायचे हुते रं."

"हिथं कुटं उतरतीस आये? रेटारेटीत पडशील. थांब, मी धरतो." असे म्हणून त्याने तिला दोन्ही दंडांना धरून बाकड्यापुढे उभी केली. "हं, हालव पाय. आसं."

बनुबाई पोराच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली आणि खाली बसली.

आता याला काय म्हणावे? दिवस कलला की सोनईच्या आळीतल्या बाया तांब्या घेऊन ओढ्याकडे निघतात, तेव्हा एकमेकींना हाच शब्द घालतात: चला गं, पाय मोकळे करून येऊ. सहादेवाने तो जन्मल्यापासून ऐकला होता. पण पाय म्हणजे पाय, यापलीकडे त्याची अक्कल कधी गेली नाही.

नगरला त्यांच्या खणात हाजराबी चढली. पारनेरकडची, थोराड अंगाची बाई, पांढरी चादर पांघरलेली. दौंडला लेकीकडे निघाली होती. ती बनुबाईच्या शेजारी खिडकीशी रेटून बसली आणि गाडी हलली.

अकोळनेर गेले, सारोळे गेले. बनुबाईचा चेहरा उतरत चालला. ओठांना साल धरली, डोळे मिटू लागले, मधूनच कूस दाबून ती कण्हायची. अकरा पेले झाले होते. मग ओठ कोरडे कसे? ताप वाढला असेल का? दुसरेही मूत्रपिंड बसले असेल का? कारभारी म्हणाले, कांदा हुंगवा. कुणी म्हणाले, उष्मा आहे, गार झाले की उतरेल. सहादेवाने घाईघाईने बारावा पेला भरला.

"बाबा, कशाला पानी वाया घालतो?" हाजराबी म्हणाली.

"म्हंजी?"

"तुज्या आईनं सकाळधरनं घोटभर बी घेतलं नसंल. माज्या म्होरं चार पेले वतले तिनं. ही माजी चादर बग."

चादरीचा काठ ओला होता. खिडकीच्या फळीखाली पाण्याचा ओघळ होता, आणि बाहेर डोकावून पाहिले तर डब्याच्या अंगावर धुळीतून खालपर्यंत ओली रेघ गेलेली. अकरा पेल्यांची. सहादेव चार माणसांदेखत आईवर ओरडला.

"आये! जीव द्यायला निघालीस व्हय? डाक्टरीनबाईंनी काय सांगितलं हुतं? मी हिथं खांब मोजतुया आन् तू..."

बनुबाईने पदर आणखी ओढला.

"तिच्यावर नको वरडू," हाजराबी म्हणाली. "ह्या गाडीला जागा हाय का कुटं? बग उटून. हाय का? आरं, आसली गाडी म्हनल्यावर बाईमानसानं पानी तोडायचं, ह्ये काय कुनी शिकवावं लागतं? मी काल रातीपासनं कोरडी हाय. त्या पल्याडच्या खनातल्या बाया, त्यांना इचार. समद्या कोरड्या. तुज्या आईला कवाधरनं नड हाय. नगरला तुला म्हनली बी आसंल."

सहादेवाला नगर आठवले. आईला दंड धरून उभी करून 'हालव पाय' म्हणालेले आठवले. कान तापले त्याचे. इतके की क्षणभर त्याला वाटले, धावत्या गाडीतून उडी टाकावी. पण लाज वाटायलाही वेळ नव्हता. पुढच्या स्टेशनात काय करायचे ते आत्ता ठरवायचे होते.

विसापूरला गाडी आडमार्गावर घेऊन उभी केली. समोरून सोल्जरांची स्पेशल यायची होती. एकेरी रूळ, ती गेल्याशिवाय ही सुटणार नव्हती. सहादेव फलाटाकडच्या दाराने उतरून धावत गार्डाकडे गेला.

"साहेब, किती टाइम थांबंल?"

"स्पेशल आली की सुटलो. पाच मिनिटं म्हणा, अर्धा तास म्हणा. मला तरी कुठं सांगतात?"

"बायांची जागा..."

"स्टेशनातली मिलिटरीनं घेतलीय," गार्ड म्हणाला आणि शिट्टी रुमालाने पुसू लागला.

सहादेव परत धावला. पलीकडच्या अंगाचे दार उघडले. खाली खडी, भरावाचा उतार आणि त्यापुढे विसापूरचा माळ, वैशाखात करपलेला. झाड नाही, झुडूप नाही, निवडुंगाचे एक बेटसुद्धा नाही. भर तिसऱ्या प्रहराचे ऊन. आडोसा म्हणून काही असेल तर ती गाडीच, आणि गाडीला दोनशे खिडक्या आणि खिडकीखिडकीत पुरुष.

"मी न्हाई उतरायची," बनुबाई म्हणाली. "दौंडापतूर धरते."

"दौंडापतूर तू ऱ्हाशील का आये?" त्याचा आवाज फाटला. तो मग उडी मारून खाली उतरला, उताराकडे पाठ करून गाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता तसा ओरडला.

"खिडक्या पाडा रं! ह्या अंगाच्या खिडक्या पाडा! आयाबहिनी खाली उतरत्यात!"

क्षणभर कुणी हलले नाही. कुणीतरी हसलेसुद्धा. मग कारभारी उठले, त्यांनी आपल्या खिडकीची लाकडी झडप धाडकन खाली ओढली आणि पुढच्या खणाकडे तोंड करून दरडावले, "ऐकू आलं न्हाई का? पाडा!" पुढच्या खणात एक झडप पडली, मग दुसरी. खणाखणातून निरोप गेला आणि झडपांचा धडधडाट होत होत पार इंजिनापर्यंत पोचला. थोड्या वेळात त्या अंगाने गाडी आंधळी झाली.

हाजराबीने बनुबाईला काखेत धरून उतरवले आणि चादर पसरून धरली. सहादेवाने तोंड फिरवले. तेवढ्यात शेजारच्या खणाचे दार उघडले. तान्हे मूल घेतलेली एक पोरगी उतरली. मग दोन म्हाताऱ्या. मग दारामागून दारे उघडू लागली आणि सकाळपासून दात आवळून बसलेल्या बाया खडीवर उड्या टाकू लागल्या. किती होत्या देव जाणे. कुणी कुणाशी बोलत नव्हते, फक्त बांगड्या वाजत होत्या.

आणि स्पेशल आली. फलाटाच्या बाजूने धडाडत, गाणी म्हणत गेली. गेली तशी सिग्नलची दांडी पडली आणि इंजिनाने शिट्टी दिली.

बायांची धांदल उडाली. चादरीआडून बनुबाईचा रडवेला आवाज आला, "हुईना गं! गाडी सुटंल, मला हुईना!" इतका वेळ अडवलेले आता मोकळे होत नव्हते. सहादेव गाडीच्या शेवटाकडे पळाला. चप्पल सुटली, खडी टोचली. गार्डाने हिरवे निशाण अर्धे उलगडले होते.

"साहेब, थांबा! माजी आई खाली हाय."

"एका बाईसाठी गाडी थांबवू? वेळ मांडावी लागते मला, जाब द्यावा लागतो."

"एक न्हाई साहेब. बगा... न्हाई, बगू नका!"

पण गार्डाने डब्याच्या कडेवरून मान काढली होती. भरावाच्या उतारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडीच लुगडी दिसली. त्याने मान झटकन आत घेतली. तोंड लाल झाले. निशाण गुंडाळून त्याने काखेत मारले, माळाकडे पाठ केली आणि घड्याळ काढून त्यातच पाहत राहिला. इंजिनाने दुसरी शिट्टी दिली, तिसरी दिली. "ओरडू दे," गार्ड पुटपुटला. "माझीही आई असल्याच गाडीनं भुसावळला गेली परवा."

सहादेव परत आला तेव्हा बाया चढत होत्या. बनुबाई बाकड्यावर टेकली होती, घामाने भिजलेली. त्याने हाजराबीकडे पाहिले.

"झालं," ती हळूच म्हणाली. "पर थोडंच. आन् लाल हुतं."

दौंड अजून चार स्टेशने दूर, मग पुणे, तिथून मिरज रात्रभराची वाट, आणि पुढची गाडी असल्याच डब्यांची नसेल कशावरून? गाडी हलली. झडपा एकेक करून वर जाऊ लागल्या, पण त्यांच्या खणातली कारभाऱ्यांनी तशीच ठेवली आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसले.

सहादेवाने पेला भरला. निम्मे पाणी वळकटीवर सांडले. आईला आग्रह करण्याचे धाडस आता त्याला होईना.

"आये, म्होरं परत नड लागली तर..."

"लागली तर परत वरड," बनुबाई म्हणाली. "घसा हाय की तुला."

तिने पदर खाली सोडला आणि उघड्या तोंडाने, पोराच्या देखत, पेला संपेपर्यंत पाणी प्याली. मग रिकामा पेला त्याच्यापुढे धरला. "आनिक दे."