पॅनेलवरच्या गोधड्या

सुनेच्या धाकट्या नणंदेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी गल्लीच्या सामाईक गच्चीवर सोलर पॅनेल बसले. बॅटरी वायरमनच्या पडवीत. दिवसभर भरायची आणि अंधार पडला की सगळ्यांनी मिळून वापरायची. सुनेला त्या बॅटरीचं अप्रूप इतरांहून जास्त. कारखान्याच्या धुळीनं तिच्या सासऱ्यांच्या छातीची चाळण केली होती. नाकाला नळी, कॉटशेजारी प्राणवायूचं मशीन. मशीन थांबलं की श्वास थांबला, इतकं सरळ होतं ते.

सासऱ्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. सगळ्या गल्लीची ती आत्या. तिचा जन्म गाद्या भरण्यात आणि गोधड्या शिवण्यात गेला होता. संध्याकाळी घरोघरी विजेच्या शेगड्या सुरू झाल्या की बॅटरीचा हिरवा दिवा पिवळा पडतो, हे तिनं पाहिलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. जुने कोट, उसवलेले स्वेटर, फाटक्या शाली गोळा करून तिनं पातेल्याच्या मापाच्या जाडजूड गोधड्या शिवल्या. भर उन्हात, वीज मुबलक असताना, भाजीला चांगली उकळी आणायची आणि पातेलं गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवायचं. आतल्या आत शिजतं, संध्याकाळी गरमागरम मिळतं.

घरोघरी तिनं एकेक गोधडी वाटली. लोकांनी हसत घेतली.

"आत्या, आमची मांजर तुमचं नाव काढते हो," न्हावी म्हणाला. "काय झोपते त्यात!"

"मांजरीला कळलं, तुला कधी कळायचं?" आत्या म्हणाली, आणि पुढची गोधडी शिवायला बसली.

मग एकदा वादळ झालं. विजेचा खांब आडवा झाला, गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं, गाडी आत यायची सोय उरली नाही. झाड परवा सकाळी हलवू, असा निरोप आला. पण दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं, त्यामुळे सून निर्धास्त होती. संध्याकाळी वायरमन दारात आला तो चेहरा पाडूनच.

"वहिनी, बॅटरी लाल दिव्यावर आलीय. आज भरलीच नाही, वर कालची शिल्लक दिवसभरात वापरली गेली."

"अहो, दिवसभर ऊन रणरणत होतं की!"

दोघं गच्चीवर धावले. पॅनेलवर ओळीनं गोधड्या वाळत घातल्या होत्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर विटासुद्धा ठेवलेल्या.

आत्या धापा टाकत मागून आली. "नव्या शिवलेल्या खिडकीपाशी ठेवल्या होत्या, वादळात भिजल्या. ही काळी काच कशी तव्यासारखी तापते, म्हटलं इथं लवकर वाळतील." बोलता बोलता तिला उमगलं आणि ती विटा बाजूला सारून गोधड्या ओढू लागली. "माझ्या भावाचा श्वास मीच झाकून ठेवला गं."

सुनेला संतापही आला आणि भडभडूनही आलं.

"रडायचं ते उद्या रडा, आत्या," वायरमन म्हणाला. "उरलीय ती वीज सकाळपर्यंत पुरेल. पण फक्त मशीनला. गल्लीत दुसरा दिवाही लागता कामा नये."

सून दारोदार निघाली. कोणत्या तोंडानं सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं. पण तिचं वाक्य कोणी पुरं होऊच दिलं नाही. मास्तरीणबाईंनी दारातूनच हात लांबवून बटण बंद केलं. पाववाला म्हणाला, "पहाटे पीठ हातानं मळतो. बायको कधीची म्हणतेय, पोट उतरव." एकेक खिडकी काळी होत गेली.

"पण लोक जेवणार काय?" आत्या पायरीवर बसून पुटपुटली. "माझ्यापायी चुली बंद."

तेवढ्यात मास्तरीणबाई काखेत खोकं घेऊन आल्या. पाठोपाठ पाववाला, त्याच्याही हातात खोकं. सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, न्हावी. त्याच्या गोधडीला मांजरीचे केस चिकटलेले आणि आत वाटाण्यांचं वाफाळतं पातेलं.

"मेल्या, आणि मांजर?"

"तिला कधीच हाकललीय, आत्या. सांगायची लाज वाटत होती."

इतके दिवस आत्याला हसणारी गल्ली रोज दुपारी गुपचूप पातेली गुंडाळत होती. आत्या आधी हसली, मग मात्र हमसून रडली. सगळे पायऱ्यांवर बसून अंधारातच जेवले. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. उघड्या खिडकीतून मशीनची घरघर येत होती आणि प्रत्येकाचा एक कान तिकडे होता. सुनेनं ती माणसं अंधारात पाहिली, आणि आपण किती मोठ्या घरात नांदतो हे तिला तेव्हा कळलं.

सकाळी मशीन चालू होतं. आत्या भावाच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिली.

"ताई," सासरे दम खात म्हणाले, "मला गोधडी घालतेस ते ठीक. सूर्याला कशाला घातलीस?"

आत्यानं ओलं फडकं उचललं आणि पॅनेल पुसायला गच्चीवर गेली. पुढे ते काम तिनं दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

सासरे पुढच्या हिवाळ्यात वारले, भर दुपारी, झोपेत. मशीन चालूच होतं. नणंदेच्या जुळ्या मुली शाळेत जायला लागल्या, त्या वर्षी आत्याही गेली.