मगनच्या गळ्यातली माळ

मगन गेला तो सप्ताहाच्या मंडपात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आमच्या गावाने त्याला भलत्याच ठिकाणी मारून टाकलं होतं.

गाव आमचं यावलच्या अलीकडे, केळीच्या बागांत. मगन दिवसभर बागेतून घड वाहायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन भजनाला उभा राहायचा. गळ्यात तुळशीची माळ, लग्नाच्या आधी घातलेली. माळकऱ्याने दारूला शिवायचं नाही. प्यायला तर माळ उतरते, आणि तसा माणूस मेला तर आमचं भजनी मंडळ त्याच्या अंत्ययात्रेला टाळ घेऊन जात नाही. मंडळाचा हा नियम जुना आहे आणि मला तो मान्य आहे.

त्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून मंडपात पाणी मारलेलं होतं. भजन अंगात भिनलं की मगन डोळे मिटून डोलायचा. डोलता डोलता त्याची पाठ लोखंडी खांबाला टेकली आणि तो खाली आला. आम्हाला वाटलं, देहभान हरपलं. होतं असं आमच्यात. लोक पडतात, थोड्या वेळाने डोळे पुसत उठून बसतात. आम्ही गजर वाढवला. पांडुरंगा, माणूस मरत होता आणि आम्ही टाळ जोरात वाजवत होतो.

खांबात वीज उतरली होती. मंडपाची वायर मीटरवरून घेतलेलीच नव्हती. कमिटीने रस्त्यावरच्या तारांवर आकडा टाकला होता. दरवर्षी टाकतात.

कमिटीचे अध्यक्ष प्रेमराज सर. जळगावला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतात. माझी नात भूमिका त्यांच्याच वर्गात. सुटीत घरी आली की सरांचं शिकवणं मला ऐकवते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते कीर्तनाइतकंच गोड लागायचं. एक मत म्हणतं, ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते बरोबर. दुसरं म्हणतं, फळाकडे बघू नका, जे सगळ्यांनीच करावं असं तुम्हाला वाटेल तेवढंच करा, आणि कुठल्याही माणसाचा नुसता वापर करून घेऊ नका. तिसरं विचारतं, हे करून तू कसला माणूस होणार? मी भूमिकेला म्हणायचो, पोरी, हे सगळे आपल्याच मंदिरात मागच्या रांगेत बसून ऐकून गेलेले दिसतात.

सकाळी मंदिरात बैठक भरली. दुपारी दवाखान्यातून मगनला आणायचं होतं आणि जबाब घ्यायला हवालदार यायचे होते. सर शांतपणे बोलले, वर्गात बोलत असतील तसे. दवाखान्यात त्यांनी सांगून टाकलं होतं की मगनने शेतातल्या मोटारीच्या पेटीला हात लावला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. पेटी उघडी होती म्हटलं की बागेचा मालक अडकतो. म्हणून जबाबात सगळ्यांनी सांगायचं, मगन प्यायलेला होता. म्हणजे दोष कोणाचाच नाही. नाहीतर कमिटीतल्या पोरांवर केस, सप्ताह बंद, गावाची बदनामी.

"मगन आता सुखदुःखाच्या पलीकडे गेला, आबा," सर मला म्हणाले. "त्याचं काय जातं? इकडे अख्खं गाव वाचतं."

मी विचारलं, मग त्याच्या माळेचं काय?

सरांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. माळ हवालदार यायच्या आत काढायची आणि टाळ न्यायचे नाहीत. दारुड्याच्या पुढे भजन चाललेलं पाहिलं तर हवालदाराला शंका येईल. "आणि शेवटी नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "तो आपण मोडायचा नसतो."

माझं डोकं तापलं. आयुष्यभर दारूच्या वासालासुद्धा न थांबलेला माणूस. आधी आपल्या चोरीच्या विजेने त्याला मारायचं, मग त्याला दारुडा म्हणायचं, आणि मग नियमावर बोट ठेवून त्याच्या गळ्यातली माळ ओढायची.

भूमिका दारात चहाची किटली घेऊन उभी होती. ती बोलली.

"सर, खोटं बोलायच्या वेळी तुम्ही फायदा मोजला आणि शिक्षा द्यायच्या वेळी नियम काढला. असं एकेक अर्धं अर्धं वापरायचं असतं का?"

"भूमिका, वर्ग वेगळा आणि गाव वेगळं."

"मग फायदा तरी पुरता मोजा. मगनकाकांच्या मागे राहिलेल्या कुंदाकाकूंना मोजलंत? तो आकडा अजून तारेवरच आहे. आज भजनाला त्या खांबांपाशी कोण कोण बसणार, त्यांना मोजलंत? आणि प्रत्येक गाव आपला मेलेला माणूस असाच लपवायला लागलं, तर कोणाच्या मरणावर कोण विश्वास ठेवील?"

रुपचंद कमिटीत सरांचा उजवा हात. तो हसून म्हणाला, "घ्या आबा, पाठवा अजून नातीला कॉलेजात."

मी म्हणालो, "तिला पाठवून चुकलं नाही रे. सरांना परत पाठवायला पाहिजे, पहिल्या वर्षाला."

दोघंतिघं हसले. बैठक मात्र सरांच्या बाजूनेच उठली. तोंडावर नाही म्हणायची सवय आमच्या गावाला नाही. माझा राग काही एकट्या सरांवर नव्हता. सरांनी निदान कारणं तरी शोधली. बाकीच्यांनी ती फुकट मिळाली म्हणून घेतली. मांडी घालून बसलेले हे लोक वर्षानुवर्षं महाराजांच्या शब्दावर माना डोलवत आलेले, आणि आज एका खोट्यावर तशाच डोलवत होते.

दुपारी मगनला अंगणात आणून ठेवलं. कुंदाबाई, त्याची बायको, उशाशी बसली होती. रुपचंद आला, घुटमळला, मग खाली वाकून त्याने गळ्याकडे हात नेला. कुंदाबाईने त्याचं मनगट धरलं. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं. तिने रुपचंदकडे पाहिलंसुद्धा नाही, मागे उभ्या असलेल्या साऱ्या गावाकडे पाहिलं.

"ज्यानं माह्या माणसाले पेताना पाह्यलं असंन, त्यानं पुढे यावं," ती म्हणाली. "त्यानंच काढावी माळ. मी आडवी नाही येनार."

रुपचंदने हात मागे घेतला. सर चपलांकडे बघत उभे राहिले. अंगणात एवढे पुरुष होते आणि त्यांतल्या एकाचंही पाऊल उचललं नाही.

मग मी कशाला थांबू? हवालदार चावडीवर येऊन बसले होते. मी त्यांना आकडा कुठे टाकलाय ते सांगितलं, मगन कुठल्या खांबाला टेकला ते सांगितलं, आणि आम्ही गजर वाढवला तेही सांगितलं. ते म्हणाले, बाबा, तुमच्याच सप्ताहावर येईल हे. मी म्हणालो, यायलाच पाहिजे, तिथेच मेला तो. त्यांनी लगेच वीज कंपनीला फोन लावला. थोड्या वेळाने वायरमन आला आणि लांब काठीने त्याने आकडा काढला. मंडपातले पंखे बंद पडले. कोणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, म्हाताऱ्याने गाव बुडवलं.

टाळ घेऊन मंडळातले निम्मेच आले. निम्म्यांनी दारं लावून घेतली. जे आले त्यांच्यात भूमिका होती. मंडळात बायका नसतात, पण त्या दिवशी तो नियम कोणाला आठवला नाही. आम्ही भजन सुरू केलं. आवाज फाटत होते, ठेका चुकत होता.

तिरडी उचलायच्या वेळी प्रेमराज सर गर्दीतून पुढे आले. डोळे लाल झालेले. ते खांदा द्यायला वाकले. माझ्या तोंडावर शिवी आली होती, पण कुंदाबाई आधी बोलली. आवाज न चढवता, घरच्या माणसाला काम सांगावं तशी.

"खांदा मग द्या, सर. आधी चावडीवर जाऊन या."

सर वाकलेले सरळ झाले. चावडी तिथून दिसत होती. हवालदार अजून बसलेले होते. आम्ही तिरडी उचलली आणि भजन म्हणत निघालो. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. सर अंगणात उभेच होते. चावडीकडेही निघाले नव्हते आणि आमच्या मागेही आले नव्हते.