पुढच्या दारातली काचेची मशीन

कुकरची शिट्टी झाली आणि दुकानातली दुपारची शांतता मोडली. मागच्या खोलीत उत्तमशेठच्या घरचा वरणभात शिजत होता. फळीवर पेंगत पडलेली मी दचकले. मित्रांनो, मी एक जुनी काचेची मशीन आहे. गाडीच्या दारात, पत्र्याच्या आत दडून राहते. हँडल फिरवलं की माझे कात्रीसारखे दोन लोखंडी हात उघडतात आणि काच अलगद वर चढते. काच सगळ्यांना दिसते, मी कोणालाच नाही!

कारखान्यात माझ्या दात्यांना छान ग्रीस लावलं आणि एका लाल गाडीच्या पुढच्या डाव्या दारात मला बसवलं. माजिवड्याच्या सुदेशकाकांची ती गाडी. "बघा, लोण्यासारखी फिरते!" असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी दारातल्या दारात फुलून जाई. पुढे त्यांच्याकडे बटणावर काच चढणारी नवी गाडी आली आणि लाल गाडी कल्याणला, उत्तमशेठच्या जुन्या पार्टच्या दुकानात पोचली. शेठने मला सुटं करून फळीवर ठेवलं. धूळ बसली. एका कोळ्याने तर माझ्या दोन हातांमध्ये ऐसपैस घर बांधलं.

तर, त्या दुपारी दारात एक बाई उभी राहिली. छातीशी हत्तींच्या चित्रांचं दुपटं, बोटाला छोटी मुलगी.

उत्तमशेठ लगबगीने उठले. "या ताई, आत या, बाळाला ऊन लागतंय!" त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला आणि आवाज खाली आणला. "झोपलंय वाटतं?"

"आमचं बाळ घरी आहे, बाबांकडे," मुलगी म्हणाली.

बाईला हसू आवरेना. तिने दुपटं उलगडलं. आत माझ्यासारखीच एक मशीन होती! एक हात मोडलेला, दाते झिजलेले.

"पिशवीला ग्रीस नको लागायला म्हणून गुंडाळली हो. मेकॅनिक म्हणाला, नमुना न्या, नाहीतर भलतंच उचलून आणाल."

"आणि मी लोखंडाला वारा घालतोय!" शेठने कपाळावर हात मारला.

बाईचं नाव प्रियांका, मुलगी सम्यका. दोघी डोंबिवलीहून आल्या होत्या. प्रियांकाच्या सासूबाई, भीमाबाई, यांना गाडी लागते. पुढे बसून, काच खाली करून, तोंडावर वारा घेतला तरच त्या प्रवास करू शकतात. ती काच बंद पडली आणि त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. इकडे खडवलीला त्यांची थोरली बहीण कलावती पाय मोडून बसलेली.

"फोनवर दोघी नुसत्या रडतात," प्रियांका म्हणाली. "उद्या नेते म्हणून शब्द देऊन बसलेय. मिळेल ना, भाऊ?"

शेठने एक मशीन काढली. ती उजव्या दाराची निघाली. दुसरी बटणाची. तिसरीचे हात आखूड. प्रियांकाचा चेहरा उतरत चालला. मला ओरडावंसं वाटलं, 'अहो, वर बघा की!' शेवटी शेठ स्टुलावर चढले, कोळ्याला हलकेच बाजूला केलं आणि मला त्या मोडक्या मशीनवर ठेवलं. बोल्टची भोकं जुळली. हात जुळले. दाते मोजून झाले. आम्ही सगळे श्वास रोखून!

"घ्या, जुळ्या बहिणी!" शेठ ओरडले. त्याच दुपट्यात गुंडाळून मी डोंबिवलीला गेले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचं मागणं फार नसतं. हँडल अडलं तर हिसका देऊ नका, थोडं तेल द्या. आणि टाकून देण्याआधी एकदा विचारा, कुठल्या दारात कोणी आमची वाट बघतंय का.

दुसऱ्या दिवशी भीमाबाईंनी हँडल फिरवलं. काच सर्रकन खाली गेली आणि वारा आत आला. खडवलीपर्यंत त्यांना एकदाही मळमळलं नाही. अंगणात खुर्चीवर कलावतीआजी बसल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये. गाडी थेट त्यांच्या खुर्चीला खेटून थांबली.

"भीमे, एवढ्या लवकर आलीस होय गं? अजून एक दिवाळी जाऊ द्यायचीस!"

"तू गप! पळता येत नाही, पण तोंड बरं चालतंय!"

दोघी माझ्या काचेच्या चौकटीतूनच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दार उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

सम्यका कलावतीआजींच्या पायाकडे बघत राहिली. मग तिने प्रियांकाची ओढणी ओढली.

"आई, आजीच्या पायाची मशीन कुठल्या दुकानात मिळते गं?"