बाबांच्या मशीनवर चालतं

सकाळी दहाला बाबांच्या टेबलापुढे रांग लागायची. बाबा म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. हॉस्पिटलांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर बनवतो, ते इतर कुणाच्याच मशीनवर तयार होईना, बाबांच्या मात्र व्हायचं. बाबा डोळे मिटायचे, टेबलावर तीनदा टकटक करायचे, बटण दाबायचे. पडदा हिरवा. मंडळी धन्य.

"मशीनला मन असतं हो," बाबा सांगायचे. "मन दुखावलं की ते रुसतं."

आणि मन दुखावलं कुणी? मी. मी रुजू झाले त्याच आठवड्यात हे सुरू झालं, म्हणून माझा हात अपशकुनी. शिकलीसवरलेली माणसं बरं का ही. मॅनेजर म्हणाला, "ताई, तुम्ही कोडला हात लावू नका. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते महिनाअखेरीस बघू." मी डबा घेऊन बसले की टेबल रिकामं व्हायचं. घरीही बोलायला कुणी नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग वेळच वेळ होता, म्हणून आमच्या मशीनवर काम अडलं की पडद्यावर येणारी, कुणीच न वाचलेली लाल अक्षरं मी वाचली. सॉफ्टवेअरचे दोन भाग एकच लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, वापरत होते. पण औषधांचा भाग तिची चौथी आवृत्ती मागत होता, रिपोर्टचा सहावी. चौथी सर्व्हरवरून कधीच काढून टाकलेली. मी आले त्या आठवड्यात सगळ्यांना नवी मशीनं मिळाली होती, त्यांना ती कुठून मिळणार? बाबांनी आपलं जुनंच ठेवलं, आणि त्यात चौथीची प्रत पडून होती.

सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बाबा, चौथीचं हे फोल्डर बाजूला ठेवते. आता टकटक करा."

त्यांनी केली. पडदा लाल. पुन्हा केली. लालच.

मी औषधांच्या फाइलीत चारच्या जागी सहा लिहिलं, दोन-तीन ओळी जुळवून घेतल्या. चौदा मशीनं, चौदाही हिरवी.

"मला वाटायचं, खरंच माझ्यामुळे चालतं," बाबा हळूच म्हणाले. मला त्यांची दया आली.

माझी नोकरी पक्की झाली. दुसऱ्या दिवशी रांग माझ्या टेबलापुढे.

"ताई, जरा हात लावा ना. तुमच्या हाताला यश आहे."

मला रडूच आलं. म्हटलं, अहो, हातात काही नसतं. खुर्ची ओढा, माझ्या शेजारी बसा आणि ती लाल ओळ स्वतः वाचा. समजलं नाही तर विचारा. मी दिवसभर इथेच असते.