तोरू घोडीची दोन घरं

मी तोरू, मध्य आशियातल्या आलायच्या डोंगरातली तांबडी घोडी बोलतेय. माणसं मला मुकी समजतात, समजू देत. पाहिलेलं सांगायला कुणाची चोरी नाही.

माझा जन्म उंच कुरणावरचा. माझा धनी सादिरबेक, किरगीझ मेंढपाळ. हिवाळा आला की तो मला खालच्या ताजिक गावात, खुदोयदोदच्या जर्दाळूच्या बागेत सोडायचा. उन्हाळ्यात खुदोयदोदची मेंढरं तो वर चारायचा. दोघांची भाषा वेगळी, देवघेव मात्र घरच्यासारखी.

एका वसंतात पाटाच्या पाण्यावरून वरच्या किरगीझ आणि खालच्या ताजिक गावांत दगडफेक झाली. रस्ता अडवायला त्यावर काटेरी झुडपं टाकली गेली. मी खालीच अडकले आणि तीही गाभण.

खुदोयदोदचा भाऊ शरीफ रोज येऊन म्हणे, "विकून टाक ही. तो आता कुठला येतोय!" खुदोयदोद माझ्यापुढे गवत टाकत राही. त्याच्या मनात काय आहे, ते मला कळेना.

एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि शिंगरू अडलं. खुदोयदोदला झाडांचं कळायचं, घोड्यांचं नाही. त्यानं फोन लावला, "सादिर, घोडी अडलीय. ये."

वरचं गाव जवळच. सादिरबेक काटेरी झुडपं ओलांडून धापा टाकत आला, तर फाटकात शरीफ काठी उगारून उभा.

"बाजूला हो!" खुदोयदोद ओरडला. "मी बोलावलंय त्याला. मारायचंच तर आधी मला मार."

आत येऊन सादिरबेकनं कोट भिरकावला. त्यातून सुरी पडली. खुदोयदोदनं तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. आमच्याकडे सगळे म्हणाले, घोडीचं नुसतं निमित्त आहे, तुला पकडायचा डाव आहे. तू ती कधीच कापून खाल्लीस."

"घोडी तुम्ही खाता रे, आम्ही नाही! आणि तरी आलास?"

"आलो ना! आता तिचं डोकं धर. शरीफ, उभा काय राहिलास? पाणी आण!"

शरीफ काठी टाकून पळाला. सादिरबेकनं आत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला. दोघांनी मिळून ओढलं आणि माझं शिंगरू ओलं, थरथरत गवतावर आलं. त्याला पाहून सगळ्यांत आधी शरीफच हसला.

आता माझे दात पडलेत. खुदोयदोद पिकलेले जर्दाळू बिया काढून भरवतो आणि "लाडावून ठेवलीस तिला!" म्हणून सादिरबेककडून ऐकून घेतो. पाण्याचा तंटा अजून धुमसतोच आहे. पण या बागेचं फाटक मी पुन्हा बंद पाहिलं नाही.

तुमच्याकडेही असा अडवलेला रस्ता असेल. पलीकडून कुणी 'ये' म्हणालं, तर मनात भीती असू द्या हवी तर, पण जा.