अकराव्या फळीवरचा चंद्र

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. एकटी नाही, अकरा जणींतली अकरावी. नागपुरात बर्डीच्या रस्त्यावर रजयांचं एक दुकान आहे, त्याचं आम्ही दार. तुम्ही लोखंडी शटर पाहिलं असेल, खडखड करत वर जातं, खडखड करत खाली येतं आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटतं. आमचं तसं नाही. उंबऱ्यात एक खाच, वरच्या चौकटीत एक खाच. त्या खाचांतून आम्ही एकेक करून सरकतो आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहतो. सर्वांत शेवटी मी. माझ्याच छातीवर कोयंडा आणि कुलूप. सकाळी मात्र मीच पहिली निघते. मी निघाले नाही, तर बाकीच्या दहाजणींना जागचं हलता येत नाही. एवढं ध्यानात असू द्या, कारण माझ्या हातून जे झालं ते यातूनच झालं.

माझा जन्म चांद्याकडच्या जंगलातला. मी सागाच्या झाडात होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. मोठमोठ्या पानांची सळसळ आठवते आणि फांद्यांत अडकून बसणारा चंद्र आठवतो. पुढे करवत आली, बैलगाडी आली, इतवारीतल्या सुताराचा रंधा आला. त्याने मला इतकं गुळगुळीत केलं की माझीच मला लाज वाटली.

आम्हाला आणलं रामाजीने. हा गडी काटोलकडच्या खेड्यातून आलेला. घरी शेती होती, पण याला कापूस पिकवण्यापेक्षा तो लोकांच्या अंगावर घालण्यात जास्त गोडी. त्याने प्रत्येकीवर डांबराने आकडा काढला, एक ते अकरा, म्हणजे लावताना गोंधळ नको. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, रामाजी आमच्या खाचांना जवसाचं तेल पाजायचा. रोज सकाळी त्याचा तळवा माझ्यावर पडायचा, आणि मी लोण्यातून सुरी निघावी तशी निघायचे. थंडीत गिऱ्हाइकांची रीघ लागे. ओट्यावर संत्र्यांची टोपली घेऊन बसणारी पंचफुला म्हणायची, "रामाजी, तुम्ही लोकायले झोपवता, म्हनून माहे संत्रे उशिरा विकतेत."

मग एका वर्षी रामाजी गेला. कुलूप लागलं ते लागलंच.

दोन वर्षं आम्ही बंद होतो, मित्रांनो. बंद दाराला कोणीच नसतं आणि सगळेच असतात. सर्कशीचे कागद आमच्यावर चिकटले, निवडणुकीचे चिकटले, पानाच्या पिचकाऱ्या तर विचारूच नका. पहिल्या वर्षी वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी मी स्वप्नं पाहायला शिकले. रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकता ऐकता मी जंगलात जायचे. पानं सळसळायची, चंद्र फांदीत येऊन बसायचा. खरं सांगते, त्या झोपेची मला गोडी लागली.

इकडे रामाजीच्या घरी काय चाललं होतं ते मला ओट्यावरच कळलं. रामाजीची बायको रुखमाबाई आणि धाकटा भाऊ चंपतराव एका दुपारी दुकान पाहायला आले. एका सिमेंटवाल्याला ही जागा गोदामासाठी हवी होती.

"मी चालवीन दुकान," रुखमाबाई म्हणाली.

"वयनी, गादीवर बाईमानूस बसन तं लोक का म्हनतीन?"

"लोकायले थंडी वाजन तं घेतीन रजई. नाई वाजन तं नाई घेतीन. त्यात म्हनाचं काय आहे, भाऊजी?"

पंचफुला टोपलीमागून खुदकन हसली. चंपतरावाने तिच्याकडे डोळे वटारले, पण माणूस वाईट नव्हता. थोडा विचार करून म्हणाला, "बरं. डिसेंबरचा दुसरा गुरुवार. त्या दिवशी बारा वाजेपर्यंत दुकान उघडलेलं दिसलं, तं तुमचं. नाई दिसलं, तं चावी सिमेंटवाल्याले. मंग मले बोल लावू नका."

रुखमाबाईने घरी बसून वीस रजया टाचल्या. खोळींचं कापड कमी पडलं म्हणून जुनी लुगडी आणायला शेवटच्या आठवड्यात ती गावी गेली. आणि नेमकी तेव्हाच आमच्यावर शहराची नजर पडली.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल, फळीला तारखा नीट राहत नाहीत. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि मोठमोठ्या गाड्या येतात. त्या गाड्यांतून बंद दुकानं दिसली की शहर दात पडल्यासारखं वाटतं, असं काही मंडळींच्या मनात आलं. त्यांनी 'नगरशोभा समिती' काढली. बंद दुकानांच्या दारांवर चित्रं काढायची ठरली. चिटणीस होते दत्तोपंत, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, गळ्यात मफलर आणि काखेत यादी. यादीत तेवीस बंद दुकानं होती. आमचं सतरावं.

सिनेमाचे बोर्ड रंगवणारा विश्वनाथ पेंटर आला. त्याने आमच्यावरचे सगळे कागद खरवडून काढले, आम्हाला पुसलं, आणि दोन दिवसांत आमच्यावर एक तळं उतरवलं. मागे बर्फाचे डोंगर. बर्फ आम्ही तोवर फक्त सरबताच्या गाडीवर पाहिलेला! पाण्यात दोन राजहंस. आणि चंद्र, मित्रांनो, अख्खा चंद्र माझ्या वाट्याला आला. डांबराचे आकडे बर्फाखाली गेले. संध्याकाळी दत्तोपंत लांब उभे राहून म्हणाले, "वा! नागपूरकरांनो, पाहा!" नागपूरकर म्हणजे त्या वेळी पंचफुला आणि एक गाय होती. पण दोघीही पाहत होत्या.

मी तर हरखूनच गेले. इतकी वर्षं स्वप्नात येणारा चंद्र आता माझ्या अंगावर होता. रस्ता कुठेतरी दूर राहिला. रात्रंदिवस माझ्या पायाशी पाणी हलतंय असं वाटे.

बुधवारी रुखमाबाई आली. दुकानाच्या जागी तळं पाहून उभीच राहिली.

"बाई, चित्राला हात लावू नका," दत्तोपंत म्हणाले. "अधिवेशन संपेपर्यंत दार बंद ठेवायचं आहे."

"अन् थंडी संपल्यावर मी रजया कोनाले विकू? उद्या दुकान उघडून राहिली मी, साहेब."

"यादीत हे दुकान बंद आहे."

"काल होतं. उद्या नाई राहनार."

दत्तोपंतांनी यादी उलटसुलट केली. "यादीत उद्याचा रकाना नाही हो, बाई," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज त्यांना ओशाळवाणा वाटला असावा, कारण मफलर घट्ट करून ते लगबगीने निघून गेले.

गुरुवारी सकाळी रिक्षात रजया लादून रुखमाबाई आली. कुलूप निघालं. तिने मला ढकललं. मी हलले नाही.

विश्वनाथाचा रंग खाचेत उतरून वाळला होता, हे खरं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मलाही निघायचं नव्हतं. मी निघाले की तळं फुटणार, चंद्र भिंतीला टेकून बसणार, हंसांची ताटातूट होणार. मी अंग आखडून धरलं. दहा वाजले. अकरा वाजले. पंचफुलाने खांदा लावून पाहिला. ओट्यावर रजयांचा ढीग उन्हात तापत पडला होता.

साडेअकराला चंपतराव सिमेंटवाल्याला घेऊन आला.

"लोखंडी सब्बल आनू का, वयनी?" त्याने विचारलं. "तोडून टाकू एक फळी."

"तोडा ना," सिमेंटवाला म्हणाला. "ह्या फळ्या तशाही जळणात जाणार. मी शटर बसवतो."

तेव्हा मित्रांनो, तळ्याचं पाणी एकदम थंड झालं. पण रुखमाबाई म्हणाली, "सब्बल नोका आनू. थे रुसली आहे, मेली नाई."

तिने पंचफुलाला तेल आणायला मागच्या गल्लीतल्या तिच्या घरी पिटाळलं. पंचफुला चटणीसाठी ठेवलेली जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आली. रुखमाबाईने गाद्या टाचायचं दाभण काढलं आणि खाचेतला वाळका रंग सोलायला बसली. वीतभर सोलायचा, एका रजईच्या कोपऱ्यातून ओढलेल्या कापसाचा बोळा तेलात बुडवायचा, खाचेत पिळायचा. खालची खाच झाली. वरच्या खाचेसाठी ती पंचफुलाच्या उपड्या टोपलीवर चढली. "माही टोपली मोडली तं संत्रे तुह्या पदरात ठेवीन वं," पंचफुला ओरडली. सिमेंटवाला घड्याळ पाहत होता. चंपतराव घड्याळ न पाहता वयनीकडे पाहत होता.

खाली उतरून तिने माझ्यावर तळवा ठेवला, बरोबर चंद्रावर. चंद्राकडे तिने पाहिलंही नाही. रामाजीच्या तळव्याहून तिचा तळवा लहान होता, सुया टोचून टोचून खरखरीत झालेला. आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "चाल वं माय. मले दुसरं कोन आहे?"

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. माझ्यावर हात ठेवला, कुलूप लावलं, कागद चिकटवले, रंग दिला. बोललं नव्हतं कोणी. जंगलाची सळसळ थांबली. मला रस्ता ऐकू आला, सायकली, टांगे, भाजीवाला, आणि त्या बाईचा धाप लागलेला श्वास. मी अंग सैल सोडलं.

मी निघाले, आणि माझ्यामागून दहाजणी.

बारा वाजायला पाच मिनिटं होती. रुखमाबाई गादीवर बसली तेव्हा पदराने घाम पुसत होती. पहिलं गिऱ्हाईक धरमपेठेतली एक मास्तरीण. ती भाव करत असतानाच चंपतराव सिमेंटवाल्याला म्हणाला, "चला भाऊ, इथं नाई जमत. दुकान चालू आहे." जाता जाता ओट्यापाशी थांबून त्याने म्हटलं, "वयनी, अशा अंग चोरून काहून बसल्या? दादा मांडी घालून बसे."

तेवढ्यात दत्तोपंत आले. आम्ही अकराजणी बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या, एक हंस डोकं खाली करून.

"तळं? तळं कुठं गेलं?"

"आत गेलं साहेब," पंचफुला म्हणाली, "रजई पांघराले."

रुखमाबाई उठून उभी राहिली. "साहेब, बंद दुकान सुंदर दिसावं म्हनून चित्र काढलं ना तुम्ही? आता दुकान बंदच नाई."

दत्तोपंतांनी काखेतली यादी काढली. मला वाटलं, आता ओरडतील. पण ड्रॉइंग मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि सतराव्या नावावर सावकाश, सरळ रेघ मारली, पट्टी न घेता. "तेवीस दुकानं सजवली आम्ही," ते म्हणाले. "एकही यादीतून कमी झालं नव्हतं." मग पेन्सिल खिशात ठेवून त्यांनी एक रजई हातात घेऊन दाबून पाहिली. "ही जरा बाजूला ठेवा. पेन्शन हाती आली की नेतो."

त्या रात्री फळ्या लावताना आकडे सापडेनात. सकाळी लोकांनी पाहिलं तर हंसाची मान डोंगरावर आणि डोंगर पाण्यात. रस्ता हसून हसून बेजार झाला आणि त्या गर्दीत चार रजया खपल्या. पुढे रुखमाबाईला चित्र जुळवून फळ्या लावायची सवय झाली.

आता मी म्हातारी झाले. हात लागून लागून माझ्यावरचा चंद्र अर्धाअधिक पुसला गेला आहे. नवा रंग देऊ का, असं विश्वनाथ दोनदा विचारून गेला. रुखमाबाई म्हणते, राहू दे. मलाही तसंच वाटतं.

मित्रांनो, तुमच्या रस्त्यावर एखादं बंद दार असेल. त्यावर कागद चिकटवू नका, पिचकारी मारू नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतातच. मी आणखी एक सांगते. त्याला रंग द्या, चित्रं काढा, आम्हाला ते फार आवडतं. पण रंगाचा डबा उघडण्याआधी आजूबाजूला एकदा विचारून घ्या, की या दाराच्या आत बसायची कोण वाट पाहतंय. ते माणूस सापडलं, तर ब्रश जरा खाली ठेवा आणि आधी खाचेत तेल घाला.